रणांगणावरील निरोप

पुणे जिल्ह्यात भोर आणि वेल्हे यांच्या आसपास सह्याद्रीच्या डोंगररांगा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. या डोंगराळ मुलखात, राजगडाच्या पायथ्याशी, पाली नावाचे एक लहानसे खेडे आहे. राजगडाचा एक दरवाजा या गावाच्या बाजूस उघडतो. म्हणून त्यास पाली दरवाजा असेच नाव पडले आहे. दरवाजाकडे जाणारी वाट चांगली रुंद असून तिच्यावर खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत. सुमारे पंचवीस वर्षे राजगड ही स्वराज्याची राजधानी होती. राजधानी म्हटली, की तेथे रोज निरोप यायचे आणि तेथून निरोप जायचे. कोणता गड हाती आला, कोणत्या घाटातून शत्रू उतरला, कोठे दाणागोटा कमी पडला, हे वेळेवर कळल्यावाचून राज्याचा गाडा चालत नाही. लढाईच्या काळात तर एखादा निरोप दोन घटका उशिरा पोहोचला, तरी जिंकत आलेला डाव हातचा जातो.

अशाच एका निरोपाची वाट राजगडावर १६७० सालच्या फेब्रुवारी महिन्यात पाहिली जात होती. तानाजी मालुसरे निवडक मावळ्यांसह कोंढाणा घेण्यास गेले होते. कोंढाणा म्हणजेच सिंहगड. राजगडापासून तो सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर दूर आहे. परंतु मधल्या दऱ्या आणि डोंगर उतरून-चढून जाणाऱ्या माणसास हे अंतर पुष्कळच लांब पडते. ४ फेब्रुवारीची ती रात्र होती. मावळे कडा चढून वर गेले. गडावर घनघोर लढाई झाली. तानाजी आणि किल्लेदार उदेभान हे दोघेही तिच्यात पडले. तानाजीचा भाऊ सूर्याजी याने मावळ्यांना पुन्हा गोळा केले आणि गड जिंकला. मग मावळ्यांनी गडावरील पागेच्या छपरांना आग लावली. तो उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि गड हाती आला हे त्यांनी ओळखले, असे सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली सभासद बखर सांगते.

पंधरा किलोमीटरांवरची बातमी डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच राजगडावर येऊन पोहोचली होती. घोड्यालाही हे साधले नसते. परंतु त्या उजेडाला एकच गोष्ट सांगता येत होती : गड घेतला. गड घेताना कोण पडले, हे सांगण्याचे सामर्थ्य त्या आगीत नव्हते. तानाजी पडल्याचे वर्तमान दुसऱ्या दिवशी जासूद घेऊन आला, तेव्हाच महाराजांना ते कळले. आदल्या रात्रीचा आनंद एका निरोपाने झाला होता. दुसऱ्या निरोपाने तो दुःखात बुडाला.

या एका प्रसंगात युद्धातील निरोपाचा सारा प्रश्न सामावलेला आहे. चांगल्या निरोपाच्या चार कसोट्या असतात. तो लवकर पोहोचला पाहिजे. तो पूर्ण असला पाहिजे. तो अचूक असला पाहिजे. आणि तो शत्रूच्या हाती लागता कामा नये. गडावरचा जाळ लवकर पोहोचला, पण तो पूर्ण नव्हता. शिवाय धुके पडले असते किंवा मध्ये डोंगर आडवा आला असता, तर तो दिसलाही नसता. जासुदाने आणलेला निरोप पूर्ण होता, पण त्यास एक दिवस लागला. आणि वाटेत जासूदच पकडला गेला असता, तर निरोपही त्याच्याबरोबर गेला असता. नगारे, तोफांचे बार, निशाणे, सांडणीस्वार ही सारी साधने शतकानुशतके वापरली गेली; परंतु चारही कसोट्यांस उतरेल असे साधन माणसाला मिळाले नव्हते.

एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले. तारेतून विजेच्या प्रवाहाचे लहान-मोठे ठोके पाठवावयाचे आणि त्या ठोक्यांची अक्षरे करून वाचावयाची, अशी ही युक्ती होती. तिने शेकडो मैलांचे अंतर क्षणात ओलांडले. पण तार शत्रूला तोडता येते. चालत्या सैन्याच्या मागोमाग ती पसरीत नेणे कठीण असते, आणि समुद्रावरच्या जहाजाला तर ती बांधताच येत नाही. तारेवाचून संदेश पाठविता येईल काय, असा प्रश्न मग शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर अनेक देशांच्या माणसांनी मिळून शोधले. ब्रिटनमधील मॅक्सवेल याने गणिताच्या आधारे दाखविले, की विजेपासून निघणाऱ्या अदृश्य लहरी अवकाशातून प्रकाशाच्याच वेगाने जात असल्या पाहिजेत. जर्मनीतील हर्ट्‌झ याने १८८७-८८ च्या सुमारास अशा लहरी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण केल्या. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यास लोकांसमक्ष प्रयोग करून दाखविला. त्यांच्या यंत्रातून निघालेल्या लहरींनी भिंतींपलीकडची घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. पुढे इटलीच्या मार्कोनीने या लहरींना संदेशवाहक बनविले. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून पाठविलेले तीन ठोके त्याने अटलांटिक महासागराच्या पलीकडे, सुमारे ३४०० किलोमीटरांवर ऐकले.

बिनतारी यंत्राचे काम समजण्यास फारसे अवघड नाही. विहिरीच्या शांत पाण्यात खडा टाकला, की वर्तुळाकार लाटा उठतात आणि सर्व बाजूंना पसरत जातात. काठाजवळ एखादे पान तरंगत असले, तर लाट तेथे पोहोचताच ते हलू लागते. पाणी खड्यापासून पानापर्यंत वाहत गेलेले नसते. गेलेली असते ती फक्त लाट. बिनतारी यंत्रातही असेच घडते. प्रक्षेपक यंत्र एरियलमध्ये विजेचा प्रवाह अतिशय वेगाने मागेपुढे हालवते. त्यामुळे विद्युत्‌चुंबकीय लहरी उत्पन्न होऊन चहूकडे पसरतात. त्यांचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर असतो. दूरच्या ग्राहक यंत्राच्या एरियलवर त्या आदळल्या, की तेथेही अगदी सूक्ष्म प्रवाह सुरू होतो. यंत्र तो मोठा करते आणि त्यातून ठोके किंवा बोलणे पुन्हा ऐकू येते. ज्या लांबीच्या लहरी पाठविल्या असतील, तीच लांबी ग्राहक यंत्रात जुळवून घेतली, म्हणजे हजार आवाजांतून हवा तो आवाज वेगळा काढता येतो.

सर्व लहरी मात्र सारख्याच वागत नाहीत. लांब लहरी जमिनीच्या पृष्ठभागाला धरून दूरवर जातात. लघुलहरी वर जाऊन वातावरणाच्या उंच थरांवरून परत फिरतात आणि हजारो किलोमीटरांवर खाली उतरतात. त्याहूनही आखूड, म्हणजे काही थोड्या मीटरांच्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, की त्यांची वाट अडते. म्हणून अशा लहरींसाठी एरियल उंच जागी उभारावे लागते. १९७० च्या दशकात पुण्याच्या परिसरात दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्यासाठी मनोरा उभारण्यात आला, तो सिंहगडावर. जेथून रात्रीचा जाळ दूरवर दिसला, तेथूनच या लहरीही दूरवर जाऊ शकत होत्या. डोंगराळ मुलखात आजही सैन्याचे बिनतारी पथक प्रथम उंच शिखर शोधते. त्यामागचे कारण गडकऱ्यांच्या कारणाहून निराळे नाही.

बिनतारी यंत्रामुळे निरोप लवकर पोहोचू लागला आणि पूर्णही पोहोचू लागला. पण लाट सर्वच बाजूंना पसरते, हा तिचा स्वभाव आहे. ती मित्राकडे जाते तशीच शत्रूकडेही जाते. ही गोष्ट विसरल्याचे फळ रशियाच्या सैन्यास पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच भोगावे लागले. १९१४ च्या ऑगस्ट महिन्यात रशियाच्या दोन फौजा जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांतात शिरल्या होत्या. तारा पुरेशा नव्हत्या आणि सांकेतिक भाषेची व्यवस्था नीट लागलेली नव्हती. त्यामुळे अनेक हुकूम साध्या भाषेत बिनतारी यंत्रावरून देण्यात आले. जर्मनांनी ते ऐकले. रशियाची पहिली फौज दुसरीच्या मदतीस लवकर येणार नाही, हे त्यांना त्यातून उमगले. मग त्यांनी आपले बहुतेक सारे बळ दुसऱ्या फौजेवर लोटले आणि टॅनेनबर्ग येथे तिला घेरले. सुमारे नव्वद हजार रशियन सैनिक कैद झाले. त्या फौजेजवळ माणसे होती, तोफा होत्या. पण तिचे बोलणे शत्रूच्या कानी पडत होते.

तेव्हापासून प्रत्येक सैन्य आपला निरोप गुप्त लिपीत दडवू लागले. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर लिहावयाचे, ही अशा लिपीची सर्वांत सोपी रीत. पण एखाद्या भाषेत कोणते अक्षर जास्त वेळा येते हे मोजून अशी लिपी लवकर उलगडता येते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ‘एनिग्मा’ नावाचे यंत्र वापरले. त्यात फिरणारी चाके असत. प्रत्येक अक्षर दाबताच चाक फिरे. त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबले तरी त्याच्याबद्दल निराळेच अक्षर येई. ही लिपी कोणालाही उलगडणार नाही, अशी जर्मनांची समजूत होती. परंतु पोलंडच्या गणितज्ञांनी १९३२ मध्येच तिच्या गाभ्यापर्यंत मजल मारली होती. १९३९ मध्ये त्यांनी आपले ज्ञान ब्रिटन व फ्रान्स यांना दिले. पुढे इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्यूरिंग आणि त्याचे सहकारी यांनी हे काम चालविले. त्यांना यंत्रातील उणिवांची मदत झाली, तशीच माणसांच्या निष्काळजीपणाचीही झाली. कित्येक जर्मन संदेशांत हवामानाचे किंवा नेहमीच्या अहवालाचे ठरावीक शब्द रोज त्याच जागी येत. तेवढा धागा हाती लागला, की विणलेले सारे वस्त्र उसवता येई.

संदेशाचा अर्थ कळला नाही, तरीही शत्रूला एक गोष्ट कळते : तो कोठून आला. एका विशिष्ट प्रकारचे एरियल फिरविले, की लहर कोणत्या दिशेने येत आहे हे ठरविता येते. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अशा दिशा काढून नकाशावर रेषा ओढल्या, म्हणजे त्या जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक यंत्र असते. म्हणून युद्धातील जहाजे आणि पथके पुष्कळदा यंत्र जवळ असूनही मौन पाळतात.

सर्वांना ऐकू जाणे हा लष्करी निरोपाचा दोष खरा. पण निरोप सर्वांसाठीच असेल, तर हाच दोष गुण ठरतो. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाले. नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. ४२.३४ मीटरांवर तो ऐकू येई. चिमूर-आष्टीसारख्या ठिकाणी काय घडले, हे छापण्याची चोरी होती. ते या रेडिओने लोकांना सांगितले. लहरींच्या दिशेवरून पोलीस माग काढतील, हे त्या तरुणांना ठाऊक होते. म्हणून ते यंत्र उचलून वारंवार जागा बदलीत. सुमारे तीन महिने त्यांनी असा लपंडाव केला. अखेर एका माहीतगाराकडूनच ठिकाण फुटले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी चालू कार्यक्रमावर छापा पडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात राहावे लागले. लहरींनी दगा दिला नव्हता. दगा माणसाने दिला होता.

निरोपाची उरलेली कसोटी म्हणजे अचूकपणा. तोफांच्या गडगडाटात आणि यंत्राच्या खरखरीत शब्द नीट ऐकू येत नाहीत. मराठीतलेच उदाहरण घेतले, तर ‘पंचेचाळीस’ आणि ‘पंचावन्न’ यांत घोटाळा होण्यास कितीसा वेळ लागणार? परंतु तोफेच्या गोळ्याचे अंतर सांगताना एवढ्या घोटाळ्याने आपलीच माणसे मरू शकतात. यासाठी संदेश बोलणारे सैनिक आकडे एकेक करून सांगतात. अवघड शब्दांतील प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द उच्चारतात. ऐकणारा महत्त्वाचा मजकूर पुन्हा म्हणून दाखवितो, आणि तो बरोबर ठरल्यावरच त्यावर काम सुरू होते. भारतीय सैन्यात हे कार्य करणारे सिग्नल्स दल १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झाले. ‘तीव्र चौकस’ हे त्याचे ब्रीद आहे. वेग हवा, पण सावधपणा सोडून नव्हे, असा त्याचा आशय आहे.

इतकी साधने असूनही रणांगणावर एक वेळ अशी येते, की यंत्र मुके होते. गोळी लागते, पाणी शिरते, विजेचे घट संपतात, किंवा यंत्र पाठीवर वाहणारा जवानच पडतो. त्या वेळेसाठी पलटणीत पायी निरोप नेणारा शिपाई असे. त्यास ‘रनर’ म्हणत. त्याचे काम राजगडाच्या जासुदाचेच होते.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या काठी मराठा पलटणीचा असा एक रनर आपल्या कंपनी कमांडरबरोबर होता. त्याचे नाव नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातील निमज गावचा हा शेतकऱ्यांच्या मुलखातील तरुण. नदी फार रुंद नव्हती. पण तिच्या दोन्ही काठांचे बांध तीस-पस्तीस फूट उंच होते. बांधांच्या पोटात जर्मनांनी मोर्चे खोदले होते आणि एका बांधावर सुरुंग पेरलेले होते. नदी ओलांडताच त्या तुकडीवर तीन मोर्च्यांतून मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. नामदेवाखेरीज बाकीचे ठार झाले. नामदेवाने एका जखमी सोबत्यास उचलले, छातीएवढ्या पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बांध चढून त्यास सुरक्षित जागी नेले. मग परत येऊन दुसऱ्यासही नेले. त्यानंतर तिसऱ्यांदा पुढे जाऊन त्याने पहिला मोर्चा बंदुकीने शांत केला. हाताला जखम झाली आणि बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून देऊन त्याने हातबाँबांनी आणखी दोन मोर्चे नाहीसे केले.

मागे कंपन्या अडकून पडल्या होत्या. वाट मोकळी झाली, हे त्यांना कळविणे आता आवश्यक होते. नामदेव बांधाच्या माथ्यावर चढला. तोफगोळे पडत असताना तो तेथे उघड्यावर उभा राहिला, मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि हात हालवून त्याने कंपन्यांना पुढे बोलाविले. त्या गर्जनेत शिवाजी महाराजांचे नाव होते. त्या हाकेसरशी मराठे नदी उतरून पलीकडे गेले. या पराक्रमाबद्दल नामदेव जाधव यास व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

त्या क्षणी उंच बांधावर उभा असलेला तो तरुण स्वतःच निरोप झाला होता. सिंहगडावरच्या जाळाप्रमाणे तो दुरून दिसला आणि त्याचा अर्थ आपल्या माणसांना तत्काळ कळला.

आजची संदेशवहनाची साधने उपग्रहांपर्यंत पोहोचली आहेत. तरी निरोपाच्या त्या चार कसोट्या बदललेल्या नाहीत. आणि त्यांस उतरण्याची जबाबदारी अद्यापही माणसावरच आहे. गुप्त शब्द सांभाळणारा, आकडा पुन्हा विचारून घेणारा, बोलण्याचा मोह आवरून मौन पाळणारा सैनिक इतिहासाच्या पानांवर क्वचितच दिसतो. पालीच्या वाटेवरील खडकात खोदलेल्या पायऱ्या मात्र अद्याप आहेत. गडाकडे धावत गेलेल्या जासुदांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण त्यांनी निरोप पोहोचविले, म्हणूनच गडावरच्या माणसांना पुढचा निर्णय घेता आला.